जळूबाईचा घास

कुरुंदघाटात सोनवती नदीला उग्र वास सुटला की लोकांना बरं वाटायचं. बाहेरगावचा पाहुणा हे पाहून चक्रावायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि या गावाच्या डोक्यावर परिणाम झालाय असं मनाशी धरून चालायचा. मग कुणीतरी त्याला घाटावर घेऊन जायचं. तिथे एक भलामोठा फलक होता आणि त्यावर तांबड्या आकड्यांत दिसायचं, की या घटकेला नदी किती वीज देते आहे. वास जितका उग्र, तितका आकडा मोठा. आकडा चढला की पिठाच्या गिरणीपासून तालमीतल्या पंख्यापर्यंत सगळं गाव फुकटात चालायचं. फुकटच्या विजेपुढे वासाचं काय घेऊन बसलात! पाहुणाही मग रुमाल खिशात घालायचा आणि आमच्याकडे असलं काही होईल का, अशी चौकशी करायला लागायचा.

ही सगळी करामत जळूबाईची. घाटाखालच्या बंधाऱ्याच्या खांबांना काळ्या पट्ट्यांच्या लांबच लांब झालरी बांधल्या होत्या. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्या विणलेल्या. पाण्यात लोंबणाऱ्या त्या पट्ट्या पाहून पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "ह्या तर जळवा!" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे गावातल्या बायकांनी येताजाता हळदीकुंकू वाहायला सुरुवात केली आणि जळूची जळूबाई झाली.

जळूबाई ज्यांनी शोधली त्या डॉ. पद्मजा मगदूम मूळच्या याच भागातल्या, त्यामुळे त्यांना लोकांशी बोलता यायचं. पट्ट्या बांधल्या त्या दिवशी घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी गावाला विचारलं होतं, "आपण श्वास का घेतो, सांगा बघू?" मग त्याच म्हणाल्या, "अन्नातून शक्ती काढताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आपण ते ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो, म्हणून श्वास. पण चिखलातल्या काही जिवाणूंना ऑक्सिजन मिळतच नाही. ते आपले इलेक्ट्रॉन कोळशाच्या गळ्यात मारतात. त्या कोळशाला तार जोडायची आणि तारेचं दुसरं टोक वर हवेशी नेऊन भिडवायचं. इलेक्ट्रॉन तारेतून पळायला लागतात. इलेक्ट्रॉन पळणं म्हणजेच वीज."

असे जिवाणू शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते, पण ते आळशी. हौदभर गटारावर एखादा दिवा कसाबसा लागायचा. मगदूमबाईंनी वरच्या साखर कारखान्याच्या नाल्याखालचा काळा चिखल उपसला. तिथे वर्षानुवर्षं मळी पडत आलेली, आणि ती खाऊन खाऊन तिथले जिवाणू पैलवान झालेले. बाईंनी त्यांना कोळशावर बसवलं आणि एका गावाला पुरेल एवढी वीज निघाली.

या जळूबाईची देखभाल करायची साक्षी भोई. विजेच्या कामाची पदविका घेतलेली, तिशीतली, हातात कायम टेस्टर असलेली मुलगी. भोयांच्या आळीतली पोर गावाचे दिवे लावते, याचं तिच्या आळीला कोण अप्रूप! दुकानात गेली तर आधी तिला माल मिळायचा. लग्नाच्या पत्रिकेत तिचं नाव छापलं जायचं. आणि खरं सांगायचं तर साक्षीला ते आवडायचं.

फक्त तिचे वडील, आप्पासो, त्या फलकाकडे कधी बघायचे नाहीत. आप्पा नदीवर वाढलेले. गूळ रटरटवायची मोठी लोखंडी काहील असते ना, तीच पाण्यात लोटून भोई लोक या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचे आणि येताना जाळं टाकून मासे आणायचे. साक्षी चौथीत होती तेव्हा एका सकाळी नदीतले सगळे मासे पोट वर करून तरंगले. त्यानंतर आप्पांनी जाळं माळ्यावर टाकलं आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावर पाइप जोडायची नोकरी धरली. जळूबाईची सगळी स्तुती करायला लागले, की ते एवढंच म्हणायचे, "खाती ती घाणच न्हवं? मग घाण हाय म्हणून ती हाय."

गोष्ट सुरू होते २०४१च्या पावसाळ्यानंतर. दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं, आता वास सुटणार आणि आकडा चढणार म्हणून गाव वाट बघत होतं. आकडा चढेना. उलट उतरायला लागला. साक्षीने पट्ट्या धुतल्या, तारा तपासल्या, जोड बदलले. जळूबाई ठणठणीत होती. तिला खायलाच मिळत नव्हतं.

कारण साधं होतं आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घाणीतून वीज निघते म्हटल्यावर घाणीला किंमत आली. मग ती फुकट नदीत कोण सोडेल? कारखान्याने आपल्याच आवारात जळवा बांधल्या. वरच्या शहराने गटारं अडवून तिथे बांधल्या. नोटिसा, मोर्चे आणि खटले यांनी जे आजवर झालं नव्हतं, ते हावरटपणाने एका हंगामात करून दाखवलं.

"पाणी नितळ व्हायला लागलंय!" गावाच्या वीज संस्थेचे अध्यक्ष संग्राम दळवी साक्षीच्या खोलीत येऊन हवालदिल आवाजात म्हणाले. "काय तरी कर बाई!"

साक्षीला हसू आलं, पण ते तिने दाबलं, कारण आकडा तिलाही खात होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी आप्पा धापा टाकत तिच्या खोलीशी आले. "चल," म्हणाले. "हातातलं टाक आन् चल."

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी वळते तिथे एक डोह आहे. आप्पा काठावर उकिडवे बसले, पाण्यावर हाताची सावली धरली आणि बोट दाखवलं. तळाचे गोटे दिसत होते. साक्षीने तिच्या आठवणीत ते कधी पाहिले नव्हते. गोट्यांमधून बोटभर लांबीचे चंदेरी मासे सळसळत गेले, आणि त्यांच्यामागून कपारीतून एका वाम माशाने आपलं टोकदार तोंड बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

"दिसली?" आप्पांनी विचारलं.

"दिसली."

"वरच्या धरणाखालनं आली आसंल. वाट गवसली तिला." आणि मग तो राकट माणूस उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. साक्षीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही भरून आलं होतं. तरी दुसऱ्या हातातल्या फोनवर आकडा आणखी खाली गेलेला तिने पाहिला. जे बापाला हवं तेच आपल्या कामाचं मरण आहे, हे तिला त्या डोहाशीच कळून चुकलं.

गावाची सभा भरली. संग्राम दळवींनी प्रश्न मांडला, आणि जो तो आपलं गाऱ्हाणं सांगायला उठला. सगळ्यात खरं गाऱ्हाणं होतं फुलाक्काचं. फुलाक्का साक्षीची सख्खी मावशी. नवऱ्यामागे तिने शिलाई केंद्र उभं केलं होतं. गावातल्या निम्म्या बायका तिथे शाळेचे गणवेश शिवायच्या आणि यंत्रं दोन पाळ्यांत चालायची, ती जळूबाईच्या जिवावर.

"बाहेरची वीज घिऊन मला परवडायचं न्हाई," फुलाक्का म्हणाली. "केंद्र बंद पडलं तर ह्या बायका पुन्हा ऊसतोडीला जातील. मग कुणी मला विचारू नगा."

"छपरावर सोलर बसवू," साक्षी म्हणाली.

"रात्रपाळीला काय करायचं? चंद्रावर शिवायचं?" कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली. सोलरचं नाव गावाने यापूर्वीही दोनदा हसून उडवलं होतं. घरात जळूबाई असताना उन्हाच्या मागे कोण लागेल!

सभेत काही ठरलं नाही, पण तालमीतल्या पोरांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुऱ्हाळावरून काकवीच्या घागरी आणल्या, हलगी लावली, बंधाऱ्याच्या वर उभं राहून "जळूबाईच्या नावानं चांगभलं!" म्हणत सगळ्या घागरी नदीत रिचवल्या. चेष्टा म्हणूनच केलं होतं. पण तासाभरात फलकावरचा आकडा टुणकन वर उडाला आणि सगळा घाट शिट्ट्यांनी दणाणून गेला.

कुरुंदघाटाला एकदा कशाची हौस लागली की ती आवरत नाही. काकवीनंतर डेअरीतलं उरलेलं ताक आलं. मग प्रत्येक आळीचा वार ठरला. बायका सकाळी घागरीत शिळी पेज, आंबील, भांडी धुतलेलं पाणी भरून आणायच्या, घागरीला कुंकू लावायच्या आणि डोहाच्या काठावरून ओतायच्या. त्याला नाव पडलं जळूबाईचा घास. कुंभारआळीपेक्षा आमच्या आळीने आकडा जास्त चढवला म्हणून पैजा लागायला लागल्या. ज्या गावाने घाण टाकणाऱ्या कारखान्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, तेच गाव आता नटूनथटून नदीत घाण टाकत होतं, आणि तेही भक्तिभावाने.

साक्षीकडे पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं उपकरण होतं. तिला ठाऊक होतं, जळूबाई खाते ते सावकाश. तोवर ओतलेलं ताक आणि पेज पाण्यात कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. डोहातला ऑक्सिजन रोज थोडा थोडा घसरत होता. ती रोज पाहत होती आणि रोज उद्या बोलू म्हणत होती. आकडा वर होता, लोक पुन्हा तिच्याशी हसून बोलत होते, मावशीची यंत्रं चालू होती. सांगायचं म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा घास काढायचा. ती गप्प राहिली.

माघातल्या एका सकाळी आप्पा डोहाकडून आले आणि ओट्यावर बसले. त्यांच्या हातात केळीचं पान होतं. पानावर ती बोटभर लांबीची चंदेरी मासोळी, मेलेली. एक नव्हे, पसाभर.

"वाम बी गेली," ते म्हणाले.

साक्षीने पानावरून नजर उचलली नाही. आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना उमगलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्या काकवीपासनं."

आप्पा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "मागल्या खेपंला नदी मारली तवा कारखान्याला शिव्या घातल्या, पोरी. आता कुणाला घालू?" त्यांनी माळ्यावरून जाळं काढलं, शेजारच्या गुऱ्हाळवाल्याकडून जुनी काहील मागून घेतली, ती टेम्पोत घातली आणि कुठे जातो ते न सांगता निघून गेले. फोन घरीच ठेवला होता.

साक्षी दिवसभर त्या केळीच्या पानासमोर बसून राहिली. तिला स्वतःची चीड आली. गावाचे दिवे लावते म्हणून मिरवताना आपण बापाच्या घरातला दिवा विझवला, असं तिच्या मनात येत राहिलं. संध्याकाळी तिने मगदूमबाईंना फोन लावला आणि एक शब्द न लपवता सगळं सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "चूक माझी जास्त आहे. मी फलक लावला तो विजेचा लावला. लोक ज्याचा आकडा बघतात, त्याचीच काळजी करतात."

"बाई, आता करू काय?"

"जळूबाई नदीतून काढ."

"आणि गाव?"

"ऐक. या जिवाणूंना मी उलटं चालायला शिकवलंय. घाण खाऊन ते वीज देतात, तसे वीज खाऊन अन्न तयार करतात. दिवसा छपरांवरच्या सोलरची वीज त्यांना द्यायची. ते त्या विजेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून व्हिनेगरसारखा आंबट द्राव करतात आणि टाकीत साठवतात. सूर्य मावळला की तोच द्राव खाऊन तीच वीज परत देतात. थोडी गळते वाटेत, पण पुरते. दिवसा आपला डबा आपणच भरायचा आणि रात्री उघडून खायचा. घाण लागत नाही. नदी तर लागतच नाही."

"मग हे आधी का नाही केलं?"

"प्रयोगशाळेत होतंय, गावात अजून केलं नाही कुणी. शिवाय उलटं वळण लागायला त्यांना तीनचार महिने लागतात. तेवढा काळ रात्री अंधार सोसायला तयार असलेलं गाव मला मिळालेलं नाही."

गावाला विचारलं असतं तर गाव हसलं असतं, हे साक्षीला माहीत होतं. तिने संग्राम दळवींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "यात्रा होऊ दे, मग बघू." यात्रेला तर महाघास ठरला होता. साऱ्या गावाने एकाच वेळी घागरी ओतायच्या आणि फलकावर कधी न दिसलेला आकडा आणायचा.

चैत्रातली यात्रा आली. आप्पांचा पत्ता नव्हता. घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नव्या साड्या, फेटे, हलगी, आणि पायऱ्यांवर ओळीने मांडलेल्या कुंकू लावलेल्या घागरी. आंबट ताकाचा वास ऊन चढेल तसा वाढत होता. पहिला मान फुलाक्काचा होता. तिने घागर काखेत घेतली आणि पाण्याकडे निघाली.

तेवढ्यात फलकावरचा आकडा शून्य झाला.

हलगी थांबली. सगळ्यांनी बंधाऱ्याकडे पाहिलं. साक्षी तिथल्या मोठ्या पेटीशी उभी होती आणि जळूबाईची मुख्य तार तिच्या हातात होती.

"आगं ए, काय केलंस!" संग्राम दळवी ओरडले.

"जळूबाई बंद केली," साक्षी म्हणाली. हलगी थांबलेली, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत गेला. "तार तोडली की ती खात नाही. आता यातलं जे ओताल ते नुसतं नदीत जाईल. घास म्हणून नाही, घाण म्हणून. आणि गेले काही महिने आपण तेच केलंय. डोहात मासे आले होते. ते आपण मारले. तुम्ही न कळता मारले, मी कळून मारले."

"नोकरी जाईल तुजी!" दळवी पुन्हा ओरडले.

"जाऊ दे की."

पुढची पोरं चवताळून बंधाऱ्याकडे सरकली. फुलाक्का घागर तशीच काखेत धरून मधोमध उभी राहिली होती. हे प्रकरण कुठे गेलं असतं कोण जाणे, पण त्याच वेळी वरच्या वळणावरून कुणीतरी "सरा, सरा" म्हणाल्याचा आवाज आला.

आप्पासो येत होते. काहिलीच्या काठावर बसून, एका लांब बांबूने पाणी मागे लोटत, उन्हाने करपलेले. काहिलीच्या तळाशी गुडघाभर पाणी होतं आणि त्यात काहीतरी चमकत होतं. ती पाण्यात इतकी खाली बसली होती की एखादी लाट आत यायची बाकी होती. काठाला लागेपर्यंत आप्पांनी वर मान करून कुणाकडे पाहिलंही नाही.

"काय आनलंय?" फुलाक्काने विचारलं.

"बघ की."

ती वाकली. तिच्या मागोमाग पोरं वाकली, बायका वाकल्या, दळवी वाकले. काहिलीत मासे होते. खवल्यांवर ऊन खेळवत फिरणारे, एकमेकांना घासत जाणारे जिवंत मासे, आणि तळाशी वेटोळं घालून बसलेल्या वाम. घाटावरची तरणी पोरं या नदीकाठी जन्मली होती आणि नदीतला जिवंत मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एका तालमीच्या पैलवानाने बोट घातलं, माशाने शेपटी मारली, आणि तो गडी दचकून मागच्या मागे पडला. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"धरणाखालनं एकेक धरून आनलीत," आप्पा म्हणाले. "दोन महिनं झालं तिथंच हुतो. डोह मोकळा पडलाय, म्हणलं भरावा." मग त्यांची नजर पायऱ्यांवरच्या घागरींवरून फिरली. त्यांना लेकीने काय केलंय ते माहीत नव्हतं, तिच्या हातातली तारही दिसली नव्हती. ते गावालाच विचारत होते. "सोडू का नगं, तेवढं सांगा. तुमी ओतनार असाल तर माघारी नेतो. पुन्यांदा मेलेली बघायची ताकद न्हाई माज्यात."

दळवी फलकाकडे बघत होते, तिथे शून्य होतं.

"पोरी," फुलाक्काने साक्षीला हाक मारली. "माजी शिवनाची यंत्रं?"

"दिवसा उन्हावर चालतील, मावशी. रात्रपाळी पावसाळ्यापर्यंत बंद. त्यानंतर रात्रीलाही चालतील. शब्द देते."

"आन् न्हाई चालली तर?"

"तर मी तुझ्या केंद्रात काज-बटन करायला बसेन."

फुलाक्काने एकदा काहिलीत पाहिलं. मग काखेतली घागर घेऊन ती वळली आणि गर्दीतून वाट काढत पायऱ्या चढायला लागली. "बाजूला व्हा," ती म्हणाली. "ताक गायीला घालते. आप्पासो, सोड मासं." तिच्यामागून दुसरी घागर उचलली गेली, मग तिसरी. आणि तालमीच्या पोरांनी, ज्यांच्या काकवीपासून हे सुरू झालं होतं, काहिलीला खांदे लावले आणि ती डोहापर्यंत उचलून नेली. हलगी पुन्हा वाजायला लागली. साक्षी तार हातात धरून मोठ्याने रडत होती आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

तो उन्हाळा कुरुंदघाट कधी विसरणार नाही. जळूबाईच्या पट्ट्या नदीतून काढल्या, तेव्हा वाजतगाजत मिरवणूक निघाली. आपल्याकडे मिरवणुकीशिवाय काही हलतच नाही. गावाबाहेर बंद टाक्या बांधून त्यात त्या सोडल्या. छपराछपरावर सोलर चढलं, देवळाच्या सभामंडपावर चढलं, तालमीवर तर सगळ्यात आधी चढलं, कारण कुंभारआळीच्या आधी चढवायचं होतं. रात्री गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं, डासांना आणि साक्षीला मिळून शिव्या द्यायचं. दळवी रोज संध्याकाळी टाक्यांपाशी यायचे आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशी करायचे, "आज कसं काय? घेतायत का काय?" जिवाणू घेत होते. अगदी थोडं, मग थोडं अधिक. मगदूमबाई एकदा येऊन मुक्कामाला राहिल्या आणि टाकीतला द्राव काडीने चाखून म्हणाल्या, "आंबट आहे. जमतंय."

आषाढ लागला. दिवसभर ढगांमधून जेवढं ऊन मिळालं तेवढं टाक्यांनी घेतलं. दिवस मावळला, साक्षीने खटका ओढला आणि ती डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडायच्या आधीच तिला आरडाओरडा ऐकू आला. शिलाई केंद्राच्या खिडक्या उजळल्या होत्या आणि आतून शंभर यंत्रांची एकदम घरघर सुरू झाली होती. फुलाक्का दारात उभी राहून ओरडत होती, "काज-बटनाला दुसरी बघते गं! तू ऱ्हा तितंच!" घाटावरचा फलक कुणी काढला नव्हता. नदीतून मिळणारी वीज शून्य, असं तो तांबड्या आकड्यात दाखवत राहिला, आणि लोक येताजाता त्या शून्याकडे बघून मिशीवरून हात फिरवायला लागले.

पाण्याने दुसरा पावसाळा पाहिला, डोहातली पिल्लं वाढली, त्यांची पिल्लं झाली. आप्पा रोज जाऊन बघायचे आणि रोज "आजून न्हाई" म्हणत परत यायचे. मग कार्तिकात एका सकाळी ते जाळं खांद्यावर टाकून निघाले. साक्षी काठावर जाऊन थांबली. त्यांनी काहील मधोमध नेली, उभं राहून अंगाला झोल देत जाळं फेकलं, आणि ते पाण्यावर गोल पसरलं. इतक्या वर्षांनी फेकलं, पण हाताला विसर पडला नव्हता. ओढताना त्यांचे दंड ताणले. जाळ्यात वाम होती, मरळ होता, आणि खवल्याखवल्याने चमकणारे कितीतरी मासे होते.

"आप्पा," साक्षी म्हणाली, "पहिलंच जाळं आहे. सोडायचे का परत?"

"सोडायचे?" आप्पा भडकले. "सोडायला मी काय गोसावी हाय? भोई हाय मी! लहान ती सोडली तितंच. ही इकायची!"

त्यांनी पाटी भरली, वर ओला पाला घातला आणि जरा घुटमळले. पाटी डोक्यावर घ्यायचं काम बायकांचं असायचं, आधी त्यांच्या आईचं, मग साक्षीच्या आईचं, आणि आता घरात त्यातलं कुणी उरलं नव्हतं. साक्षीने कमरेचा टेस्टर काढून खिशात टाकला, ओढणीची चुंबळ केली आणि पाटी डोक्यावर घेतली. पाणी मानेवरून पाठीवर ओघळलं. ती चालायला लागली, आप्पा पुढे झाले, आणि भोयांच्या आळीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"वाऽऽम घ्या, वाऽऽम! सोनवतीची जित्ती वाऽऽम!"

हाक आळीभर गेली. एक दार उघडलं, मग दुसरं, आणि भांडी हातात घेऊन बायका धावत बाहेर आल्या.